हवा गाळणी, मोटारगाडीची

हवा गाळणी, मोटारगाडीची : मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन-एंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेतील धूळ, वाळू, तंतू, काजळी इ. घन पदार्थ अडवून ठेवणारे साधन. यास हवा-शोधक असेही म्हणतात. प्रवाशांच्या बैठकीत येणारी हवा गाळण्यासाठी अलीकडच्या गाड्यांत वेगळी गाळणी असते. तिचा येथे विचार केलेला नाही. एंजिनाच्या हवा गाळणीचे सध्या दोन प्रकार विशेष प्रचारात आहेत : (१) रेझीन मुरविलेल्या कागदाची, ठराविक अंतर चालल्यावर टाकून द्यावयाची कोरडी गाळणी आणि (२) तेलाने ओलसर केलेल्या सुती जाळीदार कापडाची किंवा फोमची, धुवून पुनःपुन्हा वापरावयाची गाळणी. यांपैकी कोणती निवडावी हा प्रश्न वरवर पाहता खर्चाचा वाटतो. परंतु या साधनाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासावरून असे दिसते की, किती धूळ एंजिनात जाऊ द्यावयाची आणि गाळणी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकावयाची की मालकावर, हाच त्यातील मुख्य प्रश्न आहे.

धूळ आणि एंजिनाची झीज : पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी त्याच्या वजनाच्या सु. १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन सु. ०.७४ किग्रॅ. असते, म्हणजे त्यासाठी सु. ११ किग्रॅ. किंवा आकारमानाने सु. ९ घ.मी. (९,००० लिटर) हवा एंजिनास ओढावी लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये १५ किमी. जाणारी गाडी १५,००० किमी. चालली, तर तिच्या एंजिनातून सु. ९,००० घ.मी. हवा जाते. डांबरी वा काँक्रीटच्या रस्त्यावरील हवेत धुळीचे प्रमाण सामान्यतः दर घ.मी.ला १ मिग्रॅ.हून कमी असते; कच्च्या रस्त्यावर पुढच्या वाहनाच्या मागोमाग जाताना ते कित्येक पटींनी वाढते. समोरचे काहीच दिसू नये इतकी दाट धूळ उडते, तेव्हा तिचे प्रमाण दर घ.मी.ला सु. ०.९ ग्रॅ. धरले जाते.

रस्त्यावरील धुळीत क्वॉर्ट्‌झ (सिलिका) या खनिजाचा मोठा वाटा असतो. क्वॉर्ट्‌झची कठिनता मोस मापप्रमाणात ७ असून सिलिंडराच्या बिडापेक्षा ती बरीच जास्त आहे. दट्ट्याच्या कड्या व सिलिंडराचे आतील पृष्ठ यांच्यामध्ये वंगण तेलाचा अत्यंत पातळ थर असतो. या थराच्या जाडीइतके किंवा तिच्याहून थोडे मोठे, म्हणजे काही मायक्रॉन ते सु. २० मायक्रॉन (१ मायक्रॉन = एका मिमी.चा हजारावा भाग) व्यासाचे कण या फटीत सापडले की, दोन्ही पृष्ठे घासली जातात. नंतर हेच कण वंगण तेलात मिसळून धारव्यांपर्यंत (बेअरिंगांपर्यंत) पोहोचतात. झीज वाढली म्हणजे तेल जळू लागते, संपीडन कमी होते व शक्ती घटते. ही हानी एकदम दिसून येत नाही, ती हजारो किमी.नंतर उघड होते. म्हणून गाळणीच्या गुणदोषांचा निर्णय चालकाच्या तात्कालिक अनुभवावरून करता येत नाही.

प्रारंभीचा काळ : सुरुवातीच्या मोटारगाड्यांत हवा गाळण्याची कोणतीही सोय नसे. १९०८ ते १९२७ या काळात निर्माण झालेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या सुप्रसिद्ध गाडीत कार्बुरेटरमध्ये बाहेरची हवा सरळ ओढली जाई. रस्ते बहुतांशी कच्चे असल्यामुळे एंजिनाच्या कड्या बदलणे व सिलिंडर पुन्हा घासून घेणे ही त्या काळी नित्याची कामे समजली जात.

गाळणीची निकड प्रथम शेतीच्या ट्रॅक्टरांनी पटवून दिली. ट्रॅक्टर स्वतःच उडविलेल्या धुळीत तासन्‌तास पूर्ण शक्तीने चालतो. त्यामुळे कोरड्या प्रदेशात त्याचे एंजिन लवकर निकामी होई. अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन यांनी यूटा राज्यातील एका शेतकऱ्याची अशी तक्रार आल्यावर १९१५ मध्ये ट्रॅक्टरसाठी हवा-शोधक तयार केला व त्यातूनच त्यांच्या नावाचा उद्योग उभा राहिला. १९१७ पासून तयार होऊ लागलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरमध्ये हवा पाण्यातून नेऊन धुण्याची योजना होती. मात्र पाणी वारंवार भरावे लागे व कडाक्याच्या थंडीत ते गोठे. याशिवाय हवेला गरगर फिरवून केंद्रोत्सारी प्रेरणेने जड कण बाहेर फेकणारे चक्रवाती शोधक, लोकरी कापड किंवा फेल्टच्या गाळण्या आणि तेलात बुडवून निथळलेल्या तारांच्या जाळीच्या गाळण्या असे अनेक प्रकार पुढे आले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कृषी संशोधकांनी १९२० च्या दशकात अशा शोधकांच्या तुलनात्मक चाचण्या घेतल्या. त्यांतून निरनिराळ्या शोधकांच्या गुणवत्तेत फार मोठा फरक असल्याचे आढळले आणि गाळणीची पारख दाव्यांवरून न करता मापनाने करावयाची, ही पद्धत रूढ होऊ लागली.

तेलाने ओलसर केलेली तारांची जाळी मोटारगाड्यांत विशेष पसरली. मालकाने ती काढून रॉकेल किंवा पेट्रोलने धुवावी, वंगण तेलात बुडवावी, निथळू द्यावी व पुन्हा बसवावी अशी रीत होती. आज नवी म्हणून ओळखली जाणारी धुवून वापरावयाची तेलयुक्त गाळणी तत्त्वतः अशा प्रकारे कागदी गाळणीपेक्षा जुनी आहे.

तैल-कुंड गाळणी : १९३० नंतर तैल-कुंड गाळणीचा प्रसार झाला. तिच्यात हवा प्रथम खाली, तेलाने भरलेल्या वाटीकडे जाते आणि तेलाच्या पृष्ठाजवळ एकदम उलट दिशेस वळते. जड कण निरूढीमुळे (गतिमान वस्तूच्या सरळ जात राहण्याच्या प्रवृत्तीमुळे) वळू न शकल्याने तेलात आपटून तेथेच राहतात. हवेबरोबर वर गेलेले तेलाचे तुषार तारांच्या गुंत्यावर बसतात व उरलेली धूळ पकडून परत वाटीत गळतात. अशा रीतीने गाळणी स्वतःला काही अंशी धूत राहते व धूळ साठली तरी तिचा अडथळा फारसा वाढत नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप गाडीवर याच प्रकारची गाळणी होती आणि फोक्सवॅगनच्या ‘बीटल’ गाडीवर ती १९७० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत टिकून होती.

या प्रकाराचे दोषही स्पष्ट होते. कण अडविण्याचे कार्य हवेच्या वेगावर अवलंबून असल्याने एंजिन मंद चालत असताना बारीक धूळ सहज निसटते. तेल कमी असेल तर गाळणी निरुपयोगी ठरते व जास्त असेल तर ते एंजिनात ओढले जाते. डीझेल एंजिनात हे तेलच इंधनाचे काम करून एंजिन ताब्याबाहेर जाण्याचा धोका असतो. तीव्र उतारावर वाटीतील तेलाची पातळी तिरपी होते. चिखलासारखे झालेले तेल काढून वाटी धुणे हे कंटाळवाणे काम असल्यामुळे ते लांबणीवर टाकले जाई.

युद्धकाळातील अनुभव : दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेतील वाळवंटी लढायांनी या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांच्या पाचव्या मालिकेतील विमानांना धुळीपासून संरक्षण म्हणून नाकाखाली व्होक्स गाळणी बसविण्यात आली. तिने एंजिन वाचे, परंतु तिच्या मोठ्या आकारामुळे वेगात व वर चढण्याच्या क्षमतेत जाणवण्याइतकी घट होई व शत्रूच्या विमानांशी सामना करताना ती महाग पडे. ईजिप्तमधील अबुकीर येथील दुरुस्ती केंद्राने म्हणून अधिक आटोपशीर गाळणी तयार केली. ती अबुकीर गाळणी याच नावाने ओळखली जाते. जर्मनीच्या टायगर रणगाड्यांवरही सुरुवातीला फायफेल नावाचे चक्रवाती पूर्वशोधक बसविलेले होते. गाळणीची शोधनक्षमता व हवेच्या प्रवाहास होणारा अडथळा यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न या उदाहरणांत अगदी ठळक रूपात दिसतो. पुढे मोटारगाड्यांच्या बाबतीत झालेला वाद याच प्रश्नाभोवती फिरतो. मात्र लढाऊ विमान आणि रोजच्या वापरातील मोटार यांची गरज एकच नाही, हे त्या वादात पुष्कळदा विसरले गेले.

कागदी गाळणी : १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मोटारगाड्यांत घड्या घातलेल्या कागदाच्या गाळण्या बसविल्या जाऊ लागल्या आणि १९६० च्या दशकात कार्बुरेटरच्या डोक्यावरील चपट्या डब्यात बसणारी वर्तुळाकार कागदी गाळणी सर्वसामान्य झाली. हा कागद लाकूड किंवा कापूस यांच्या सेल्युलोज तंतूंचा असून ओलाव्यात तो लिबलिबीत होऊ नये म्हणून त्यात रेझीन मुरवून भाजतात. घड्यांमुळे लहान जागेत मोठे क्षेत्रफळ बसते, हवेचा वेग कमी होतो व अडथळा मर्यादित राहतो. कडांना रबरासारख्या पॉलियुरेथेनाची चौकट असते. तिने डब्याच्या कडेची फट बंद होते.

कागद केवळ चाळणीसारखे काम करीत नाही. छिद्रापेक्षा मोठे कण चाळले जातात हे खरे. परंतु त्याहून लहान कणांपैकी जड कण निरूढीमुळे तंतूंवर आदळतात, काही तंतूला चाटून जाताना चिकटतात आणि अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इतस्ततः हेलकावत (विसरणाने) तंतूंपर्यंत पोहोचतात. एका मायक्रॉनाच्या सु. एकदशांश ते निम्म्या व्यासाचे कण या सर्व क्रियांतून सर्वांत जास्त निसटतात. वापर सुरू झाल्यावर कागदावर धुळीचा थर बसतो व तो थरच अधिक बारीक गाळणीचे काम करू लागतो. त्यामुळे कागदी गाळणीची शोधनक्षमता नवी असताना सर्वांत कमी असून वापराबरोबर ती वाढत जाते; वाढत्या धुळीबरोबर अडथळाही वाढतो व अखेरीस गाळणी बदलावी लागते. मळलेली दिसते म्हणून कागदी गाळणी मुदतीपूर्वी काढून टाकणे हे या दृष्टीने लाभदायक नाही.

कागदी गाळणीच्या यशाचे कारण केवळ स्वस्ताई हे नव्हते. ती हलकी असते, कोणत्याही स्थितीत बसविता येते, हवेचा वेग कमी असतानाही सारखेच काम करते आणि मालकाच्या कौशल्यावर अवलंबून राहत नाही. कारखान्यात ठरविलेली गुणवत्ता दर वेळी नव्या गाळणीबरोबर विकत मिळते. तेल किती घालावे, निथळू किती द्यावे हे प्रश्नच उरले नाहीत. त्याच्या मोबदल्यात प्रत्येक गाळणी शेवटी कचऱ्यात जाऊ लागली.

तेलयुक्त गाळणीचे पुनरागमन : १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात वाळवंटी शर्यतींचा छंद वाढला. मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पातील प्रसिद्ध लांब पल्ल्याची शर्यत १९६७ मध्ये सुरू झाली. अशा शर्यतींत धूळ प्रचंड असते, शर्यत चालू असताना गाळणी तुंबून चालत नाही आणि शक्तीतील अल्पशी वाढही मोलाची असते. या गरजेतून केन जॉन्सन व नॉर्म मॅक्डॉनल्ड यांनी कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे तेलयुक्त सुती गाळणी तयार केली. दोघांच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या उद्योगाला के अँड एन हे नाव पडले. तिच्यात सुती जाळीदार कापडाचे अनेक थर दोन धातूच्या जाळ्यांमध्ये घड्या घालून धरलेले असतात. कापडातील छिद्रे कागदापेक्षा मोठी असल्याने प्रवाहास अडथळा कमी होतो. कण पकडण्याचे काम चिकट तेल करते. पकडलेल्या धुळीत तेल केशाकर्षणाने चढते व ती धूळही पुढील कणांसाठी चिकट बनते. त्यामुळे बरीच धूळ साठेपर्यंत अडथळा हळूहळूच वाढतो. तेल लावलेल्या पॉलियुरेथेन फोमच्या गाळण्या याच तत्त्वावर काम करतात व त्या विशेषतः मोटारसायकलींवर वापरल्या जातात.

शर्यतींतील लौकिकामुळे या गाळण्या हळूहळू नित्य वापराच्या गाड्यांसाठीही विकल्या जाऊ लागल्या. शक्ती वाढते, इंधन वाचते आणि एकदा घेतलेली गाळणी गाडीच्या आयुष्यभर पुरते असे तीन दावे त्यांच्या बाबतीत सामान्यतः केले जातात. साध्या रस्त्यांवर सु. ८०,००० किमी.पर्यंत धुण्याची आवश्यकता नाही, असेही काही उत्पादक सांगतात.

मापन व मानके : गाळण्यांची तुलना करावयाची तर धूळ ठराविक हवी. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या एसी स्पार्क प्लग विभागाने ॲरिझोनातील सॉल्ट नदीच्या खोऱ्यातील वाळवंटी धूळ चाळून ‘बारीक’ व ‘भरड’ अशा दोन प्रतींत पुरविली आणि कित्येक दशके ती चाचण्यांची प्रमाण धूळ मानली गेली. तिचे उत्पादन १९९२ मध्ये थांबल्यावर आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९७ मध्ये प्रमाण धुळीच्या चार प्रती निश्चित केल्या. चाचणीची पद्धत याच संघटनेच्या ५०११ क्रमांकाच्या मानकात दिलेली आहे. तीत ठराविक प्रवाहाच्या हवेत धूळ सोडतात, चाचणीच्या गाळणीतून निसटलेली धूळ तिच्या मागील अत्यंत बारीक गाळणीत पकडून तोलतात आणि धुळीबरोबर अडथळा कसा वाढतो तेही मोजतात. हे मानक मोजण्याची रीत सांगते. अमुक इतकी शोधनक्षमता असलीच पाहिजे असे ते सांगत नाही. त्यामुळे गाळणी या मानकानुसार तपासलेली आहे एवढ्याच विधानावरून तिच्या गुणवत्तेबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

अशा चाचण्यांत चांगल्या कागदी गाळणीची शोधनक्षमता सामान्यतः ९९ टक्क्यांहून अधिक, तर तेलयुक्त सुती गाळणीची सु. ९६ ते ९९ टक्के आढळते. हे आकडे ऐकताना फरक किरकोळ वाटतो. परंतु एंजिनाची झीज अडविलेल्या धुळीने होत नसून निसटलेल्या धुळीने होते. ९९.५ टक्के शोधनक्षमतेच्या गाळणीतून शंभरातील अर्धा भाग धूळ आत जाते, तर ९७ टक्क्यांच्या गाळणीतून तीन भाग, म्हणजे सहापट. वर उल्लेखिलेल्या ९,००० घ.मी. हवेत दर घ.मी.ला १ मिग्रॅ. धूळ असेल, तर एकूण धूळ ९ ग्रॅ. भरते. पहिल्या गाळणीतून तिच्यापैकी ०.०४५ ग्रॅ. व दुसरीतून ०.२७ ग्रॅ. एंजिनात जाईल. दोन्ही राशी लहान असून पक्क्या रस्त्यांवर हा फरक गाडीच्या आयुष्यात कदाचित कधीच जाणवणार नाही. धुळीचे प्रमाण पन्नासपट धरले, तर मात्र याच राशी अनुक्रमे २.२५ ग्रॅ. व १३.५ ग्रॅ. होतात. म्हणजे रस्ता जितका धुळीचा, तितके शेवटच्या एक-दोन टक्क्यांचे महत्त्व अधिक. हे गणित स्थूल आहे. रस्त्यावरील धूळ चाचणीच्या धुळीपेक्षा बारीक असेल, तर दोन्ही गाळण्यांची प्रत्यक्ष शोधनक्षमता चाचणीतल्यापेक्षा कमी भरते.

शक्ती व इंधन : अडथळा कमी असल्याने मिळणाऱ्या शक्तीलाही मर्यादा आहे. वातावरणाचा दाब सु. १०१ किलोपास्काल असतो. स्वच्छ व पुरेशा आकाराच्या कागदी गाळणीत पूर्ण शक्तीच्या वेळी होणारी दाबातील घट साधारणतः अर्धा ते एक किलोपास्काल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जास्तीत जास्त एक टक्का असते. ती निम्मी केली, तरी शक्तीतील वाढ अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहील. शर्यतीत एवढ्यालाही मोल असते व तेथील एंजिन थोड्याच शर्यतींनंतर उघडून दुरुस्त केले जाते. नित्य वापरात मात्र पेट्रोल एंजिन क्वचितच पूर्ण शक्तीने चालते. इतर वेळी चालक थ्रॉटल झडप अंशतः बंद ठेवून हवेला मुद्दाम अडथळा करीत असतो व त्या अडथळ्यापुढे गाळणीचा अडथळा नगण्य ठरतो.

इंधनाच्या बाबतीत कार्बुरेटरच्या काळातील समजूत पुढेही टिकून राहिली. जुन्या गाड्यांत गाळणी तुंबली म्हणजे हवा कमी पडून मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढे व धूर होई. इंधन अंतःक्षेपणाच्या (फवाऱ्याने इंधन पुरविण्याच्या) पद्धतीत आत येणाऱ्या हवेचे मापन होते व इंधन त्या प्रमाणातच सोडले जाते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, इंधन अंतःक्षेपण असलेल्या पेट्रोल गाड्यांत गाळणी तुंबली तरी इंधनाच्या खपात लक्षणीय फरक पडत नाही. मात्र वेग घेण्यास गाडीला जास्त वेळ लागतो. कार्बुरेटरच्या गाडीत इंधनाचा खप काही टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे स्वच्छ कागदी गाळणीऐवजी तेलयुक्त गाळणी बसवून आधुनिक गाडीत इंधनाची मोठी बचत होईल, ही अपेक्षा निराधार ठरते. डीझेल एंजिनात हवेला थ्रॉटलने अडविण्याची पद्धत सामान्यतः नसल्यामुळे तेथे तुंबलेल्या गाळणीचा परिणाम काळा धूर व शक्तिहानी या रूपांनी लवकर दिसतो. म्हणून अवजड वाहनांवर अडथळा दाखविणारा दर्शक बसवितात. दाबातील घट सु. ६ किलोपास्कालपर्यंत पोहोचली म्हणजे गाळणी बदलतात.

तेल व मालकाची जबाबदारी : तेलयुक्त गाळणीची कार्यक्षमता तिच्यावरील तेलाच्या मात्रेवर अवलंबून असते. तेल कमी पडल्यास कापडाच्या मोठ्या छिद्रांतून धूळ निसटते. जास्त झाल्यास ते हवेबरोबर पुढे जाण्याचा संभव असतो. १९८० च्या दशकापासून अनेक गाड्यांत हवेचे मापन तप्त तारेच्या संवेदकाने होऊ लागले. विजेने तापविलेली बारीक तार हवेच्या प्रवाहाने किती थंड होते यावरून हवेची राशी ठरविली जाते. या तारेवर तेल व त्यात अडकलेली धूळ यांचे पुट चढल्यास मापन चुकते. काही मोटार उत्पादकांनी जादा तेल दिलेल्या गाळण्यांबाबत आपल्या विक्रेत्यांना सावध केले आहे. गाळणी उत्पादकांचे म्हणणे असे की, योग्य मात्रेत लावलेले तेल गाळणीतून सुटत नाही. दोन्ही विधाने एकाच मुद्द्यावर येऊन ठेपतात. या गाळणीची गुणवत्ता ती धुणाऱ्याच्या हातात असते. धुतल्यावर ती पूर्ण वाळली पाहिजे, तेल सर्वत्र सारखे लागले पाहिजे आणि ते मुरेपर्यंत वाट पाहिली पाहिजे. घाईत काढून घाईत बसविलेली गाळणी मूळच्या गुणवत्तेची राहत नाही.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही निर्णय वाटतो तितका सरळ नाही. कागदी गाळणी जाळण्याजोगी किंवा सहज कुजणारी नसते, कारण तिच्यात रेझीन व पॉलियुरेथेन असते. पुनःपुन्हा वापरावयाच्या गाळणीने हा कचरा टळतो. परंतु ती धुताना तेल, धूळ व शोधकद्रव्य यांचे मिश्रण पाण्यात जाते व तेल आणि धुण्याचे द्रावण वेळोवेळी विकत घ्यावे लागते.

भारतातील स्थिती : भारतात महिंद्र उद्योगाने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप गाड्यांची जुळणी सुरू केली व त्यांच्याबरोबर तैल-कुंड गाळणी येथील कार्यशाळांच्या परिचयाची झाली. शेतीच्या ट्रॅक्टरांवर ती मोटारगाड्यांच्या तुलनेने पुष्कळच अधिक काळ टिकली. वाटी डीझेलने धुऊन नवे तेल भरणे गावातच शक्य होते व नवी गाळणी आणण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी जाण्याची गरज नसे. चांगली शोधनक्षमता असलेली पण वेळेवर न मिळणारी गाळणी आणि मध्यम प्रतीची पण हाताशी असलेली गाळणी यांत शेतकऱ्याने दुसरी पसंत केली, यात व्यवहारज्ञान होते. मोटारगाड्यांत मात्र कागदी गाळणीच सार्वत्रिक झाली.

त्याबरोबर एक येथील रीतही रूढ झाली. टाकून देण्यासाठी केलेली कागदी गाळणी दर देखभालीच्या वेळी झटकून किंवा हवेच्या पंपाने झाडून पुन्हा बसविली जाते. काटकसरीची ही प्रवृत्ती समजण्यासारखी असली, तरी जोराच्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. आपटण्याने चौकट वाकडी होऊन कडेला फट राहते. गाळणी स्वच्छ दिसते, पण तिची शोधनक्षमता गेलेली असते. डबा उघडताना आतील स्वच्छ बाजूस सांडलेली धूळही थेट एंजिनात जाते. कच्च्या रस्त्यांवर व उन्हाळ्यातील धुळीत चालणाऱ्या गाडीची गाळणी लवकर बदलावी लागते हे खरे. पण बदलणे आणि झाडणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

निवड : पक्क्या रस्त्यांवर चालणाऱ्या सामान्य गाडीस ठरविलेल्या अंतराला बदललेली चांगल्या प्रतीची कागदी गाळणी पुरेशी असते. फार धुळीच्या प्रदेशातही, नवी गाळणी मिळत असेल तर कागदीच अधिक सुरक्षित ठरते. शर्यतीच्या गाडीस, किंवा जेथे नवी गाळणी मिळणे कठीण व धुण्याची काळजी घेणारा मालक हजर आहे तेथे, तेलयुक्त गाळणीला अर्थ आहे. कोणतीही गाळणी घेतली, तरी तिची चौकट डब्यात घट्ट बसणे हे माध्यमाइतकेच महत्त्वाचे आहे. फटीतून जाणारी हवा मुळीच गाळली जात नाही. एखाद्या गाडीत गाळणी प्रत्यक्षात किती उपयोगी पडते हे वापरलेल्या वंगण तेलाच्या रासायनिक परीक्षणाने कळू शकते. त्यातील सिलिकॉनाचे वाढते प्रमाण धूळ आत येत असल्याचे चिन्ह असते. मात्र एंजिनाच्या जोडांवरील काही लेपांतूनही सिलिकॉन येत असल्याने एकाच परीक्षणावरून निष्कर्ष काढीत नाहीत. विद्युत् मोटारीत ज्वलन नसल्यामुळे तिला या गाळणीची गरजच नसते. जोपर्यंत अंतर्ज्वलन-एंजिने वापरात आहेत, तोपर्यंत मात्र त्यांचे आयुष्य गाळणीने अडविलेल्या धुळीपेक्षा तिच्यातून निसटलेल्या धुळीवरच अवलंबून राहील.